पट्टा दाबतो की ओढतो? सपाट ट्रकवर माल बांधताना जागा कशी ठरवायची

सपाट हौद्याच्या, म्हणजे फ्लॅटबेड ट्रकवर माल चढला की पट्टे कुठून कुठे टाकायचे हे बहुतेकदा नजरेनेच ठरतं. दोन पुढे, दोन मागे, रॅचेट (पट्टा ताणून धरणारा दातेरी, दांड्याचा खटका) करकचून आवळायचा, मालाला हात लावून ढकलून बघायचं, हलत नाही म्हटल्यावर निघायचं. पण दोन टनांची पेटी पट्टा नसतानाही हाताने हलत नाही, त्यामुळे त्या ढकलण्यातून काहीच कळत नाही. कळायला हवं ते वेगळंच असतं: ट्रकने जोरात ब्रेक मारला, वळण जरा वेगात घेतलं, तर पेटीवर किती जोर येईल आणि त्याला अडवणारं तिथे नेमकं काय आहे?

किती जोर येईल, याचे आकडे ठरलेले आहेत. जोरात ब्रेक लागला की मालावर त्याच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढच्या दिशेने येतो असं धरतात. वळणावर बाजूला 0.5 पट आणि ट्रक झटक्याने पुढे निघाला की मागच्या दिशेने 0.5 पट. अमेरिकेतले नियम आणि युरोपातलं मानक, दोन्हीकडे मूळ आकडे हेच आहेत. म्हणजे दोन टनांची पेटी ब्रेकच्या वेळी 1,600 किलोच्या जोराने केबिनकडे निघते. ती थांबवायची जबाबदारी तिघांची असते: पेटीखालचं घर्षण, पुढची भिंत किंवा ठोकळे, आणि पट्टे. पट्टे कुठे टाकायचे हे आधीचे दोघे किती काम करताहेत यावर अवलंबून असतं.

आता पट्ट्याकडे येऊ. पट्टा दोन अगदी वेगळी कामं करतो आणि बांधणीतला बराचसा घोळ ही दोन कामं एकच समजल्याने होतो.

टेबलावर एक पुस्तक ठेवा. तळहाताने वरून दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने ते सरकवायचा प्रयत्न करा. मग दाबणं सोडून द्या, पुस्तकाला दोरी बांधा आणि सरकण्याच्या उलट दिशेने ओढून धरा. पुस्तक दोन्ही वेळा थांबतं. पण पहिल्या वेळी त्याला टेबलाशी असलेल्या घर्षणाने थांबवलं, तुमच्या हाताने ते घर्षण फक्त वाढवलं. दुसऱ्या वेळी मात्र थेट तुमच्या ओढीने थांबवलं.

ट्रकच्या एका कडेला अडकवून, मालावरून पलीकडे नेऊन दुसऱ्या कडेला आवळलेला पट्टा हा दाबणारा पट्टा. मालावरच्या कड्यात एक टोक आणि हौद्यावरच्या कड्यात दुसरं टोक अडकवलेला पट्टा किंवा साखळी, ही ओढणारी. दाबणारा पट्टा कुठे आणि कोणत्या कोनात हवा, याचं उत्तर ओढणाऱ्याच्या बरोबर उलट आहे.

दाबणारा पट्टा

पेट्या, लाकडाच्या थप्प्या, पाइपचे गठ्ठे, विटांचे पॅलेट (माल रचून उचलायच्या लाकडी चौकटी) अशा मालाला कडी नसतात, त्यामुळे त्यावरून पट्टा टाकून दाबण्यावाचून पर्याय नसतो. इथे पहिला गैरसमज लेबलवरून होतो. पट्ट्यावर अडीच टन लिहिलंय, माल दोन टनांचा, म्हणजे एकच पट्टा पुरे, असं अनेकांना वाटतं. 50 मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या पॉलिएस्टर पट्ट्याचं लेबल नीट वाचा. त्यावर दोन वेगळे आकडे असतात. एलसी म्हणजे पट्टा सरळ ओढल्यावर किती ताण सुरक्षितपणे पेलेल, तो साधारण 2,500 डेकान्यूटन. एसटीएफ म्हणजे रॅचेटचा दांडा माणसाने हाताने ओढल्यावर पट्ट्यात प्रत्यक्षात किती ताण राहतो. साध्या रॅचेटला हा 300 च्या आसपास असतो, लांब दांड्याच्या रॅचेटला त्याहून जास्त. (एक डेकान्यूटन म्हणजे जवळपास एक किलो वजनाइतका जोर.) दाबणाऱ्या पट्ट्याच्या कामी येतो तो हा दुसरा, छोटा आकडा. पट्टा किती ताणावर तुटेल याचा इथे फारसा संबंधच नाही, कारण तो दाबतो तेवढाच, जेवढा तुम्ही आवळलाय.

मघाच्याच दोन टनांच्या पेटीचा हिशोब करू. हौद्याचं लाकूड आणि पेटीचा तळ यांच्यात घर्षणाचा गुणांक 0.4 धरा. म्हणजे पेटी स्वतःच्या वजनानेच 800 किलोचा जोर अडवते. ब्रेकच्या वेळचा जोर 1,600, म्हणजे 800 कमी पडतात. एक पट्टा उभ्या दिशेत खाली ओढत असेल तर दोन्ही बाजूंनी 300-300, असा 600 किलोचा दाब देतो, पण त्यातून घर्षण वाढतं 600 च्या 0.4 पट, म्हणजे 240. 800 भरून काढायला असे चार पट्टे लागतात. युरोपीय मानकाप्रमाणे पुढच्या दिशेसाठी सुरक्षेचा सव्वापट गुणक धरला तर पाच. एका पेटीला पाच पट्टे!

तेवढे पट्टे कोणी टाकत नाही, टाकायची गरजही नसते. पेटीखाली रबराच्या घर्षणचटया ठेवल्या तर गुणांक 0.6 होतो. मग कमतरता उरते 400 ची आणि प्रत्येक पट्टा देतो 360. सुरक्षेचा गुणक धरूनही दोन पट्ट्यांत काम होतं. किंवा पेटी पुढच्या मजबूत भिंतीला टेकवून ठेवा. पुढचा जोर भिंत घेते, पट्ट्यांना फक्त बाजूचा आणि मागचा सांभाळायचा असतो. तिथे कमतरता वजनाच्या 0.1 पट, म्हणजे 200 किलो. सहावा पट्टा विकत घेण्याआधी चटया घ्या, असं म्हणूनच सांगावंसं वाटतं. चटईचा तुकडा मात्र मालाचं सगळं वजन त्याच्यावरच येईल असा ठेवायचा. पेटीचा एक कोपरा चटईवर आणि उरलेला तळ लाकडावर, असं झालं तर फायदा निम्म्याहून कमी. आणि हौद्यावर वाळू, तेल, बर्फ किंवा भुसा असेल तर वरचे सगळे आकडे विसरा. आधी झाडू.

यात पट्टा उभ्या दिशेत ओढतोय असं आपण धरलं. प्रत्यक्षात तो तिरका जातो, आणि दाबणाऱ्या पट्ट्याच्या जागेचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच. हौद्याच्या पृष्ठभागाशी पट्ट्याचा कोन 90 अंश असेल तर सगळा ताण खाली लागतो. 60 अंशांवर 87 टक्के, 45 वर 71 टक्के आणि 30 वर फक्त निम्मा. मघाच्या हिशोबात पट्टे 30 अंशात गेले असते तर चाराच्या जागी सात लागले असते, तेही सुरक्षेचा गुणक न धरता.

कोन कमी कधी होतो? माल बुटका आणि अरुंद असून हौद्याच्या मधोमध ठेवलेला असेल तेव्हा. साधारण अडीच मीटर रुंद हौद्यावर एक मीटर रुंद आणि फक्त 30 सेंटिमीटर उंच लोखंडी प्लेट मधोमध ठेवली, तर पट्टा तिच्या कडेवरून जवळजवळ आडवाच कडेकडे जातो. कोन वीस-बावीस अंशांचा. पट्टा तारेसारखा ताठ दिसतो, प्लेटवर दाब मात्र ताणाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडाच वर. अशा वेळी पट्टा मालाच्या जवळ, हौद्याच्या आतल्या कड्यात अडकवता येत असेल तर तसा अडकवावा, म्हणजे कोन उभा होतो. तशी कडी नसतील तर दाबण्याचा नाद सोडून ठोकळे, चटया आणि ओढणारी बांधणी यांच्याकडे वळावं.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. रॅचेट एका बाजूला असतो. तिथे आवळलेला ताण मालाच्या दोन कडांवरून घासत पलीकडे पोहोचतो, तोवर त्यातला बराचसा कोपऱ्यांतच अडकून पडतो. पलीकडची बाजू ढिली राहते आणि रॅचेटकडून बघणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून कडांवर गुळगुळीत कोपरासंरक्षक लावायचे. त्याने पट्टा कापला जात नाही आणि माल दबत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. ताण पलीकडे सहज जातो, हा फायदा तितकाच मोठा असून फारसा कोणी बोलत नाही. आणि पट्टे टाकताना रॅचेट आलटून पालटून बसवायचे, एकाचा डावीकडे, पुढच्याचा उजवीकडे. नाहीतर सगळा माल एकाच बाजूला जास्त दाबला जातो.

लांबीत पट्टे कुठे?

एकसंध, न वाकणाऱ्या वस्तूसाठी पट्टा जरा पुढे टाकला की मागे, याने सरकण्याच्या हिशोबात फरक पडत नाही, सगळ्यांचा दाब एकत्रच मोजला जातो. पण एकच पट्टा मधोमध टाकला तर तो खिळ्यासारखा होतो आणि वस्तू त्याच्याभोवती फिरू शकते. वळणावर एक टोक डावीकडे, दुसरं उजवीकडे. म्हणून किमान दोन पट्टे, एकमेकांपासून जितके लांब ठेवता येतील तितके, पण अगदी टोकाशी नाही. टोकापासून बोटभर अंतरावर पट्टा असेल आणि माल तेवढाच सरकला, तर पट्टा निसटतो आणि एका क्षणात बांधणी शून्य. हातभर आत ठेवला तर बरं.

संख्येसाठी अमेरिकी नियम चांगला आधार देतात. पुढे काहीही अडसर नसेल तर 1.52 मीटरपर्यंत लांब आणि 500 किलोपर्यंत जड वस्तूला एक पट्टा चालतो. तेवढ्याच लांबीची पण त्याहून जड असेल तर दोन. 1.52 ते 3.04 मीटर लांबीला वजन कितीही असो, दोन. त्यापुढे प्रत्येक 3.04 मीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक. म्हणजे साडेसहा मीटरच्या गर्डरला चार. तोच गर्डर पुढे भिंतीला किंवा आधीच बांधलेल्या मालाला टेकलेला असेल तर दर 3.04 मीटरला एक, असे तीन पुरतात. शिवाय सगळ्या पट्ट्यांची मिळून सुरक्षित क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. हे किमान आकडे आहेत. वरचा घर्षणाचा हिशोब ज्याने एकदा करून बघितलाय तो इतक्यावर समाधान मानणार नाही.

एकसंध नसलेल्या मालात जागेचं महत्त्व एकदम वाढतं. सहा पॅलेट एकामागे एक ठेवले तर प्रत्येकावर पट्टा हवा. दोन पॅलेटच्या सांध्यावर पट्टा टाकून दोघांचं काम एकात भागवायचा मोह होतो, पण तो सांध्याच्या फटीत घसरतो आणि मग दोघांवरचाही दाब जातो. सांध्यावर टाकायचाच असेल तर आधी दोन्ही पॅलेटवर एक मजबूत फळी आडवी ठेवा आणि पट्टा फळीवरून न्या.

उंची वेगवेगळी असेल तर आणखी लक्ष हवं. रुंदीत तीन गठ्ठे शेजारी शेजारी आहेत आणि मधला बुटका आहे. पट्टा दोन उंच गठ्ठ्यांवर टेकून मधल्यावरून हवेतच जातो. बाहेरून बघणाऱ्याला सगळं बांधलेलं दिसतं, मधल्या गठ्ठ्याला मात्र कोणीही धरलेलं नाही. तो ब्रेकला सुरीसारखा पुढे निघतो. मधला उंच ठेवा, किंवा बुटक्यावर लाकूड रचून त्याला बाकीच्यांच्या पातळीला आणा.

पाइप आणि लाकडाच्या ओंडक्यांना वरून दाबलं की ते बाजूला पसरायला बघतात. त्यांच्यासाठी अर्धी थप्पी रचून झाल्यावर एक पट्टा त्या थरावरून टाकून आवळतात, मग वरचे थर रचतात आणि शेवटी नेहमीचे पट्टे टाकतात. या मधल्या पट्ट्याने खालचा भाग एकत्र राहतो. वेळ जातो म्हणून तो टाळला जातो, आणि पाइपांच्या बाबतीत तरी मला ते अजिबात पटत नाही.

आणि एक साधी गोष्ट: पट्टा खालच्या लाकडी टेकूच्या बरोबर वर यायला हवा. फोर्कलिफ्टचे दात काढता यावेत म्हणून थप्पीखाली टेकू दिलेले असतात. पट्टा दोन टेकूंच्या मधे आवळला तर माल तिथे खाली वाकतो. रस्त्यात तो बसतो, वाकतो, पुन्हा सरळ होतो आणि पट्टा ढिला पडतो. थरांमधले टेकूही एकाखाली एक, एका उभ्या रेषेत हवेत. टेकू चौकोनी नसून आयताकृती असेल तर तो रुंद बाजूवर आडवा ठेवायचा, अरुंद बाजूवर उभा नाही. उभा टेकू ब्रेकला गडगडतो आणि त्यावरचा माल त्याच्यासकट पुढे जातो.

ओढणारी बांधणी

यंत्रं, ट्रॅक्टर, रोलर, जनरेटर अशा मालाला बांधण्यासाठी कडी दिलेली असतात. इथे पट्ट्याचा ताण थेट सरकण्याच्या विरुद्ध लागायला हवा, म्हणून कोन उतरता हवा. उभा पट्टा पुढेमागे ओढतच नाही. हौद्याशी साधारण 30 ते 45 अंश आणि ट्रकच्या लांबीशीही तेवढाच तिरका, अशा चार साखळ्या चार कोपऱ्यांतून: दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे. पुढे सरकायला मागच्या अडवतात, मागे सरकायला पुढच्या, आणि चौघी मिळून बाजूचा जोर घेतात. दोन्ही कोन 45 असतील तर साखळीच्या ताणाचा निम्माच भाग लांबीच्या दिशेने लागतो. दोन्ही 30 केले तर तीन चतुर्थांश. चारही साखळ्या कधी सरळ, कधी समोरासमोरच्या दोन एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून लावतात. फुलीचा फायदा असा की यंत्र हौद्याइतकंच रुंद असलं तरी साखळीला तिरकं जायला पुरेशी लांबी मिळते.

लेबलवरचा मोठा आकडा, एलसी, तो इथे कामाचा. ओढणारी बांधणी फार आवळावी लागत नाही, झोळ जाईल इतकी पुरते. माल हलायला लागला की ताण आपोआप चढतो आणि साखळी तिच्या पूर्ण क्षमतेपर्यंत काम करते. म्हणून जड यंत्रांना पट्ट्यांपेक्षा साखळ्या बऱ्या. पॉलिएस्टर ताणावर वाढतं, साखळी जवळजवळ वाढत नाही.

चाकांच्या यंत्राच्या बाबतीत साखळी कुठे अडकवायची हा वेगळाच विषय. बॉडीला बांधली तर खड्ड्यात स्प्रिंग दबतात, बॉडी खाली जाते, साखळी क्षणभर ढिली होते आणि परत झटका खाते. हे शेकडो वेळा होतं. म्हणून शक्यतो अॅक्सलला किंवा उत्पादकाने सांगितलेल्या बांधणीच्या कड्यालाच. बकेट, बूम यांसारखे हलणारे भाग खाली टेकवून त्यांना वेगळी बांधणी द्यावी लागते, आणि हँडब्रेक, चाकाखाली पाचरी हे आहेच.

उंच मालाचं थोडक्यात. सरकण्याच्या आधी तो पडू शकतो. गुरुत्वमध्य तळाच्या रुंदीपेक्षा जास्त उंचीवर असेल तर वळणावरचा 0.5 चा जोर त्याला उलथवायला पुरेसा असतो. अशा मालाला बांधणी वरच्या भागात हवी, आणि उलथण्याच्या प्रत्येक दिशेच्या विरुद्ध. पुढे पडू नये म्हणून पट्ट्याचा फास मालाच्या पुढच्या वरच्या कडेवर बसवून त्याची दोन्ही टोकं मागच्या कड्यांना ओढून बांधतात. फास खाली घसरू नये म्हणून कोपऱ्यांवर आधार द्यावा लागतो.

कशाला अडकवायचं

हूक कशात अडकवलाय यावर बांधणीची ताकद ठरते. हौद्याच्या कडेने धावणारी बाहेरची पट्टी ही धक्का सोसण्यासाठी असते, हूक तिला नव्हे तर आतल्या कड्यात किंवा सांगाड्यात अडकवायचा, आणि पट्टा शक्य तिथे त्या पट्टीच्या आतून न्यायचा, म्हणजे बाहेरून काही घासलं तर तो कापला जात नाही. ताडपत्रीच्या दोरीसाठी असलेल्या छोट्या हुकांना मालाचा पट्टा कधीच नाही.

रॅचेटच्या दांड्याला पाइप घालून जोर वाढवू नका. त्याने रॅचेट किंवा पट्टा निकामी होतो आणि दांडा सुटला तर तोंडावर येतो. गुंडाळीवर पट्ट्याचे दीड ते तीन वेढे असावेत. दीडपेक्षा कमी असतील तर पट्टा सरकतो, तीनपेक्षा जास्त झाले तर पकड नीट बसत नाही. पट्ट्याला गाठ मारू नये. पट्टा लांब हवेतून जात असेल आणि वाऱ्याने फडफडून आवाज करत असेल तर त्या मोकळ्या भागात एक पीळ देतात, तो चालतो. मालावर टेकलेल्या भागात आणि रॅचेटमध्ये पीळ नको.

निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरांतच माल बसतो, टेकू दबतात, पट्टे ताणून वाढतात. अमेरिकी नियमात पहिल्या 50 मैलांच्या आत, म्हणजे साधारण 80 किलोमीटरमध्ये, थांबून बांधणी तपासायला सांगितलंय. त्यानंतर दर तीन तासांनी किंवा 150 मैलांनी, जे आधी येईल ते. दाबणाऱ्या पट्ट्यांच्या बाबतीत पहिली तपासणी सगळ्यात महत्त्वाची, कारण त्यांचा सगळा जोर त्या 300 किलोच्या ताणावर उभा असतो आणि तो सहज निम्म्यावर येतो. आवळताना फक्त रॅचेटच्या बाजूने बघून परत केबिनमध्ये चढू नका, पलीकडे जाऊन तिथलाही पट्टा हाताने दाबून बघा.

माल उतरवताना रॅचेट सोडण्याआधी ट्रकभोवती एक फेरी मारा. प्रवासात थप्पी एका बाजूला कलली असेल तर ती आता पट्ट्यावर रेललेली असते, आणि रॅचेट नेमका त्याच बाजूला असू शकतो. तसं दिसलं तर आधी फोर्कलिफ्टने त्या बाजूला आधार द्यायचा, मगच खटका दाबायचा.